भिवराबाईच्या आंदणाचं घंगाळ

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. मित्रांनो, आता माझ्यात म्हशींची सरकी भिजते. अंगावर हिरवी पुटं चढली आहेत, एक कडी निखळून गेली आहे. गोठ्यात मला असं पडलेलं बघून तुम्हाला वाटणार नाही, पण एके काळी मी लग्नाच्या मांडवात मिरवलो होतो.

पण ती मिरवणूक सांगायला मी बोलत नाही. मला एका दुखण्याची गोष्ट सांगायची आहे. ते दुखणं अशा जागी होतं की माणसं तिचं नाव घेत नाहीत. नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यापायी एका बाईचं घर गेलं. मी भांडं आहे. माझ्यापाशी माणसं उघडीच येतात. मला कसली आली लाज! म्हणून मी सांगतो.

माझा जन्म धारूरचा. किल्ल्याखाली म्हाळू तांबटाचं घर होतं. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा, असं करत त्यानं मला घडवलं. मला घडवून घेणारे आसाराम हे धारूरचेच एक शेतकरी. त्यांची लेक भिवरा हिचं लग्न ठरलं होतं आणि मला तिच्या आंदणात जायचं होतं.

"केवढं करू?" म्हाळूनं विचारलं.

"चांगलं मोठं कर," आसाराम म्हणाले. "तिची लेकरं त्यात बसून पाण्यात खेळली पायजेत."

"पाटलाच्या घरी चाललंय. तुमचं हसं न्हाई व्हायचं, मालक."

आणि खरंच, मी असा झालो की एक मोठं माणूस माझ्यात मांडी घालून बसावं. दोन बाजूंना दोन जाड कड्या. ऊन पडलं की माझ्याकडे बघवत नसे.

भिवराचं सासर धर्मापुरीच्या जवळ होतं. तो सगळा निजामाचा मुलूख. सासरे भगवानराव गावचे पाटील. नवरा उत्तरेश्वर त्यांचा थोरला मुलगा. घाट उतरून आमची बैलगाडी गावात शिरली, तेव्हा सासूनं, चंद्रभागाबाईंनी, सुनेआधी मलाच बोटांनी वाजवून पाहिलं. "जड हाय," त्या शेजारणींना म्हणाल्या. "व्याह्यानं हात आखडला न्हाई." माझा नाद घरभर घुमला. भिवरा पदराआड हसली. त्या घरात तिला मिळालेलं पहिलं कौतुक ते, आणि तेही माझ्या वाट्याचं.

अंगणाच्या कोपऱ्यात आड होता. त्याला लागून न्हाणी, न्हाणीच्या तोंडाशी चुलाणं. चुलाण्यावरच्या हंड्यात पाणी तापायचं आणि माझ्यात ओतलं जायचं. दिवाळीच्या पहाटे अख्खं घर माझ्यातल्या पाण्यानं न्हायचं. भिवरा मला चिंचेनं आणि राखेनं घासायची. घासताना काहीबाही गुणगुणायची. उत्तरेश्वर जाता जाता म्हणायचा, "माझ्यापरीस घंगाळावर जीव हाय तुजा." असे ते दिवस होते. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

मग एका दुपारी ते पहिल्यांदा आलं.

भिवरा अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. हातातलं सूप एकाएकी खाली पडलं. ती पुढे वाकली आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून तशीच राहिली. तोंडाचा रंग उडाला, वरच्या ओठावर घाम आला. तिला दुखत होतं ते आत, अगदी आत, गुदाच्या आत. तिथं कुणीतरी मूठ घालावी आणि पिळत जावं, तसं ते पिळत होतं. तिला बसता येईना, उभं राहता येईना. ओरडावं तर समोर सासू. थोड्या वेळानं ती मूठ आपोआप सैल झाली आणि मागे काहीही उरलं नाही. रक्त नाही, सूज नाही, ताप नाही. भिवरानं सूप उचललं. जणू काही झालंच नव्हतं.

"काय झालं गं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"पोटात कळ आल्ती, आत्याबाई."

पोटात! काय करील बिचारी? दुसरा शब्द तिला कुणी दिलाच नव्हता.

ते पुन्हा आलं. त्याला वेळकाळ नव्हता. कधी महिना महिना फिरकायचं नाही, कधी लागोपाठ यायचं. आंबट खाल्लं म्हणून नाही, ओझं उचललं म्हणून नाही, उपास केला म्हणून नाही. भिवरानं एकेक करून सगळं सोडून पाहिलं. मिरची सोडली, शिळं सोडलं, उकिडवं बसणं सोडलं. ते आपल्या मर्जीनं यायचं आणि आपल्या मर्जीनं जायचं. ते येईल या भीतीनं ती माणसांत बसायला घाबरू लागली. पंगतीत वाढता वाढता ती एकदम भिंतीशी जाऊन उभी राहायची. बायका एकमेकींकडे बघायच्या.

उपाय सापडला तो अचानक. एकदा ती अंघोळीला आली असताना ते आलं. माझ्यात नुकतंच ऊन पाणी ओतलेलं होतं. उभं राहवेना म्हणून ती सरळ माझ्यात बसली. कमरेपर्यंत पाणी आलं. तिनं माझ्या दोन्ही कड्या घट्ट धरल्या. ती थरथरत होती आणि तिच्याबरोबर माझ्यातलं पाणीही. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले.

"आई गं," ती म्हणाली, "सुटलं."

मित्रांनो, लेकरांनी खेळावं म्हणून मला मोठं केलं होतं. लेकरू त्या घरात अजून आलं नव्हतं. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण मोठे आहोत ते बरं आहे.

तेव्हापासून ती चुलाण्यात नेहमी विस्तव राखू लागली. हंड्यात पाणी कायम कोमट. दुखणं आलं की पाणी तापवायला वेळ कुठला? आणि इथंच भांडण सुरू झालं.

"कावून गं सारखं पाणी तापत ठिवतीस?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जळनाच्या पऱ्हाट्या काय तुज्या बापानं गाडी भरून धाडल्यात?"

शेवटी भिवरानं धीर केला. खाली मान घालून, अडखळत, कुठं दुखतं ते तिनं सासूला सांगितलं. चंद्रभागाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी न्हाणीचं दार लावून स्वतः पाहिलं.

"मूळव्याध न्हाई," त्या म्हणाल्या. "कोंब न्हाई, रगत न्हाई. मग दुखतं काय?"

"ठाव न्हाई, आत्याबाई. पर दुखतं."

"दिसत तर काईच न्हाई."

दिसत काहीच नाही, हेच त्या घराचं शेवटचं उत्तर ठरलं. वैद्यानं सुरणाची भाजी आणि ताक सांगितलं. तिनं ते खाल्लं, दुखणं हटलं नाही. मग उत्तरेश्वर तिला गाडीत घालून मोमिनाबादला एका हकिमाकडे घेऊन गेला. परत आल्यावर तो न्हाणीपाशी हातपाय धुताना आईला सांगत होता, ते मी ऐकलं. हकिमानं भिवराला पडद्याआड बसवलं, नाडी पाहिली आणि उत्तरेश्वरलाच विचारलं, "खून गिरता क्या?" हा म्हणाला, नाही. "तो फिर कुछ बी नहीं. वहम है."

"वहम म्हंजी काय रं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"म्हंजी मनाचं खूळ."

त्या दिवसापासून घरात तिच्या दुखण्याला नाव मिळालं. इतके दिवस नाव नव्हतं, तेच बरं होतं.

आता मी तुम्हाला भगवानरावांबद्दल सांगतो. गावात त्यांचा मोठा दरारा होता. बोलता बोलता ते मधेच उठून जात. चावडीवर माणसं हात जोडून उभी असत आणि पाटील एकाएकी गप्प होऊन, दात आवळून, समोरच्याकडे असे बघत की त्याचं पाणी पाणी व्हायचं. मग ताडकन उठून निघून जात. "पाटील तापले," माणसं म्हणायची आणि न सांगताच तंटा मिटवून घ्यायची. घोड्यावर ते फार कमी बसत. लोक म्हणत, पाटील चालतात ते रयत डोळ्यांखाली राहावी म्हणून.

एका दुपारी घरातल्या बायका धर्मापुरीच्या देवळाला गेल्या होत्या. अंगण मोकळं होतं. भगवानराव चावडीकडून आले ते भिंतीला धरून. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते थेट न्हाणीत शिरले, दार लावलं, हंड्यातलं ऊन पाणी स्वतःच्या हातानं माझ्यात ओतलं आणि धोतरासकट माझ्यात बसले. उपरण्याचा बोळा त्यांनी दातांत धरला होता. त्यांच्या हातांनी माझ्या कड्या धरल्या, अगदी भिवरासारख्या. गावाला कापवणारा तो माणूस माझ्यात बसून लेकरासारखा कण्हत होता. मग बोळा तोंडातून काढून ते हळूच म्हणाले, "सुटलं."

ते बाहेर आले आणि समोर भिवरा. ती देवळाला गेलीच नव्हती. वाटेत ते पुन्हा येईल या भीतीनं घरी राहिली होती, आणि न्हाणीकडेच निघाली होती. तिनं त्यांचं ओलं धोतर पाहिलं, रिकामा हंडा पाहिला. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती खांबाआड झाली. सासऱ्याशी ती एरवी एक शब्द बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"मामा, तुमालाबी?"

भगवानरावांनी हातातलं उपरणं पिळून खांद्यावर टाकलं.

"लई सालं झाली," ते म्हणाले. "तू उन पान्यात बसतीस हे कानावर आलं, म्हून बसून पायलं." मग आवाज चढवून म्हणाले, "कुनाला बोलायचं न्हाई. पाटील हाय मी."

"न्हाई बोलणार, मामा."

ते गेल्यावर भिवरा माझ्या काठावर बसली आणि हसली. हसता हसता रडली. तिला वेड लागलं नव्हतं. ते खरं होतं. ते एका मोठ्या माणसाच्या अंगातही होतं. त्या दिवशी तिनं मला सणावारी घासावं तसं घासलं. पुढे ती पाणी दोघांसाठी राखू लागली. बोलणी मात्र एकटीनं खाल्ली. दुखणं एकच होतं, मित्रांनो. सासऱ्याच्या अंगात त्याला लोक दरारा म्हणत, सुनेच्या अंगात नखरा.

मग खळ्याचे दिवस आले. ज्वारीची रास पडली. राशीला नैवेद्य दाखवायचा मान थोरल्या सुनेचा. भिवरा ताट घेऊन सगळ्यांपुढे चालली होती. राशीपाशी पोचली आणि ते आलं. म्हणतात, ती उभ्या उभ्या दुमडली. ताट राशीवर पालथं झालं, दिवा विझला. घरी येईपर्यंत सगळं ठरलं होतं. हे दुखणं नव्हे, हे बाहेरचं आहे. म्हणूनच तिची कूस उजवत नाही. म्हणूनच घराला तिनं अपशकुन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ देवरुशाला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं की बाईच्या कमरेत बसलंय, डागल्याशिवाय निघायचं नाही. चुलाण्यात विळा तापत घातला. त्या दिवशी चुलाण्यावर हंडा नव्हता. मला ओढून अंगणाच्या मधोमध आणलं आणि आडाचं गार पाणी माझ्यात भरलं. का, तर विळा विझवायला.

भगवानराव ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. उत्तरेश्वर खाली बघत उभा होता. दोन बायांनी भिवराला दंडाला धरून आणलं. ती घाबरली होती, पण तिची नजर सारखी ओसरीकडे जात होती. तिला वाटत होतं, आता ते बोलतील. मलाही तसंच वाटत होतं.

ते बोलले नाहीत. विळा लाल झाला.

"मामा," भिवरा म्हणाली. "तुमी सांगा की ह्यांना."

भगवानरावांनी पान जुळवायला घेतलं.

"मामा, तुमाला ठाव हाय ना कसं असतं ते! आत्याबाई, हे बाहेरचं न्हाई हो. मामांनाबी हेच हाय. इचारा त्यांना! ह्या घंगाळात बसत्यात ते. इचारा!"

सगळ्यांची तोंडं ओसरीकडे वळली. चंद्रभागाबाई दचकून नवऱ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. एक शब्द पुरे होता, मित्रांनो. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

भगवानरावांनी पानाला चुना लावला.

"पोरगी पार भ्रमिष्ट झाली," ते म्हणाले. "थोरामोठ्याची लाज ऱ्हायली न्हाई. बगत काय बसलाव बे? उरका."

बायांची पकड आवळली. "पायलं का?" गहिनीनाथ म्हणाला. "ती न्हाई बोलत. तिच्यातलं बोलतंय." खरं बोलली, हाच तिला झपाटल्याचा पुरावा झाला.

तिच्या कमरेखाली डाग दिला. तिची किंकाळी माझ्या पत्र्यातून आरपार गेली. मग विळा माझ्यात बुडवला. पाणी फुसफुसलं, वाफ झाली. ज्या माझ्या पोटात तिच्या दुखण्याची मूठ सुटायची, तिथंच तिच्या कातडीचा वास राहिला. चिंचेनं घासूनही तो गेला नसता. पण आता घासणार होतं कोण?

डाग भरायच्या आतच ते दुखणं पुन्हा आलं. त्याला विळ्याचं काय सोयरसुतक! आता तिला त्या जखमेमुळे पाण्यातही बसता येईना. चंद्रभागाबाईंनी मात्र आता कुणाला काही विचारलं नाही. घरात दुसऱ्या सुनेची बोलणी सुरू झाली आणि आसारामांना सांगावा गेला की लेकीला घेऊन जा.

आसाराम गाडी घेऊन आले. ते भांडले नाहीत. पाटलाशी काय भांडायचं? लेकीचं बोचकं त्यांनी गाडीत ठेवलं, आंदणाची हंडा-कळशी ठेवली. मग ते माझ्याकडे आले आणि माझ्या कडीला हात घातला.

"ते घंगाळ ऱ्हाऊ द्या," ओसरीवरून आवाज आला.

आसाराम थबकले. "माज्या लेकीचं आंदण हाय, पाटील."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना."

भिवरा गाडीत बसली होती. बसता येत नव्हतं म्हणून एका कुशीवर कलली होती. तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. सगळं घर बघत होतं, शेजार बघत होता. तिनं सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "मामांना लागतंय ते."

गाडी गेली. भगवानरावांनी मला ठेवून घेतलं खरं, पण मला ठेवून घेणं आणि माझा उपयोग होणं वेगळं. पाणी तापवणारी गेली होती. "हंडा कायम कोमट ठेवा" असं ते कुणाला सांगणार? सांगितलं तर भिवरा खरी ठरत होती. एकदा त्यांनी नोकराला भरदुपारी पाणी तापवायला सांगितलं, तेव्हा चंद्रभागाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. "ऱ्हाऊ दे," पाटील नोकराला म्हणाले. त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईंनी मला न्हाणीतून काढून गोठ्यात टाकायला लावलं. "त्या भांड्यात आता घरातलं कुनी न्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. नवऱ्यावरचा राग होता की सुनेची भीती, मला सांगता येणार नाही. पाटलांना नको म्हणता आलं नाही.

पुढे कधीतरी बांगड्या भरायला छबुबाई कासारीण आली. ती गावोगाव फिरायची. अंगणात बसून ती सांगत होती की धारूरला भिवरा बापाच्या घरी आहे. डागाची जागा आखडली आहे, चालताना पाय ओढते. दुखणं आहे तसंच आहे. बापानं फुटक्या रांजणाचं बूड कापून तिला ऊन पाण्यात बसायला दिलं आहे. "पर लई धीट झाली हो पोरगी," छबुबाई म्हणाली. "कुटं दुखतं ते उघड सांगती. वढ्याला धुनं धुताना सांगितलं तर दोघी बाया म्हनल्या, आमालाबी हाय की! जलमभर कुनाला बोलल्या नव्हत्या."

चंद्रभागाबाईंच्या हातावर चढत असलेली बांगडी तडकली. ओसरीवरच्या पाटलांनी खाकरून पान थुंकलं.

भगवानराव त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगले. एका दुपारी ते गोठ्यात आले. म्हातारे झाले होते. माझ्यात सरकी भिजत होती. त्यांनी माझ्या कडीला धरलं आणि माझ्यावर ओणवे होऊन उभे राहिले. त्यांच्या हातात इतका जोर होता की जुनी कडी निखळून त्यांच्या मुठीत आली. गड्यानं धावत येऊन विचारलं, "मालक, काय होतंय?"

"काई न्हाई," ते म्हणाले. "म्हशी बगाय आल्तो."

ते वारले तेव्हा गाव लोटलं. माणसं म्हणत होती, असा कणखर माणूस होणे नाही, उभ्या जन्मात कधी हूं की चूं केलं नाही. गोठ्यात मी ऐकत होतो. भिवराचं नाव कुणी काढलं नाही. एका म्हातारीनं काढलं, तेही "ती खुळी" म्हणून.

मित्रांनो, जुन्या भांड्यांनी शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवायचं असतं. मी विनवणार नाही. मला घासलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी जेवता जेवता उठलं, कामात एकदम थांबलं, आणि कुठं दुखतं ते त्याला सांगता येईना, तर दिसत काही नाही म्हणून त्याला खोटं पाडू नका. आधी पाणी तापवा. आणि तेच दुखणं तुमच्या अंगात असेल, तर दुसऱ्याला डाग देत असताना पानाला चुना लावत बसू नका.